परदेशातील जागतिक आरोग्य संशोधन फेलोशिपसाठी अर्ज: नाशिकच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

मी एमबीबीएस नाशिकमध्ये केले, इंटर्नशिपही इथेच पूर्ण केली आणि त्यानंतरचे दहा महिने युरोपातील एका संस्थेत सर्पदंशावरील संशोधनाच्या फेलोशिपवर काढले. हे दुसऱ्या प्रयत्नात जमले. पहिल्या वर्षीचा माझा अर्ज पहिल्याच चाळणीत बाद झाला होता. परतल्यापासून कनिष्ठ विद्यार्थ्यांचे फोन येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, आयईएलटीएसला (इंग्रजीच्या परीक्षेला) किती बँड, म्हणजे गुण, लागतात?" प्रश्न योग्य आहे, पण तो बराच नंतरचा आहे. त्याआधी ज्या गोष्टी व्हायला हव्यात त्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या, म्हणून त्या इथे क्रमाने लिहीत आहे. फेलोशिप सुरू होण्याच्या तारखेपासून मागे मोजून किमान पंधरा महिने हाताशी आहेत असे गृहीत धरले आहे. यापेक्षा कमी वेळ असेल तर पुढच्या वर्षीची तयारी करणे शहाणपणाचे ठरेल.

१. कोणती संधी आपल्यासाठी आहे ते आधी तपासा

परदेशी जाण्याच्या तीन वेगळ्या गोष्टी आपल्याकडे एकाच नावाने ओळखल्या जातात. ऑब्झर्व्हरशिपमध्ये तुम्ही रुग्णालयात उभे राहून पाहता, इलेक्टिव्हमध्ये विद्यार्थी म्हणून काही आठवडे शिकता, आणि संशोधन फेलोशिपमध्ये तुमच्याकडे एक प्रश्न, एक मार्गदर्शक, ठरावीक काळ आणि बहुधा विद्यावेतन असते. पहिल्या प्रकारासाठी पैसे घेऊन 'प्लेसमेंट' करून देणारे एजंट पुष्कळ आहेत. संशोधन फेलोशिप कोणताही एजंट मिळवून देऊ शकत नाही, त्यामुळे कोणी तसे म्हटल्यास तिथेच संभाषण थांबवावे.

अगदी सुरुवातीच्या वर्षांत असाल, तर आधी देशातल्या देशात अनुभव घ्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून चालू आहे. तीत पदवीपूर्व विद्यार्थी मार्गदर्शकाच्या हाताखाली दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प करतो. परदेशी निवड समितीला या नावाची ओळख असो वा नसो, आपण प्रस्ताव लिहिला, माहिती गोळा केली आणि अहवाल वेळेत दिला एवढे त्यातून सिद्ध होते. यानंतरची पायरी म्हणून वैद्यकीय विद्यार्थी संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे आयएफएमएसएची, संशोधन देवाणघेवाण पाहावी. ती साधारण चार आठवड्यांची असते आणि भारतात मेडिकल स्टुडंट्स असोसिएशन ऑफ इंडियाच्या मार्फत तिचे अर्ज होतात. चार आठवड्यांत संशोधन पूर्ण होत नाही, पण परदेशातील प्रयोगशाळेची किंवा क्षेत्रीय केंद्राची शिस्त कळते. जागतिक आरोग्य संघटनेची इंटर्नशिप सहा ते चोवीस आठवड्यांची असते. तिचे स्वरूप संशोधनापेक्षा धोरणात्मक कामाचे अधिक आहे, हे ध्यानात ठेवूनच अर्ज करावा.

दीर्घ मुदतीच्या फेलोशिपकडे वळताना एक गोष्ट प्रत्येक वेळी तपासा, कारण माझा पहिला अर्ज याच ठिकाणी घसरला: कार्यक्रमाची दिशा कोणती आहे? 'ग्लोबल हेल्थ' या नावाखालील अनेक फेलोशिप या श्रीमंत देशांतील विद्यार्थ्यांना भारत, युगांडा, पेरू अशा देशांत पाठवण्यासाठी असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या अंतर्गत १९६८ मध्ये स्थापन झालेल्या फोगार्टी केंद्राचे प्रशिक्षण कार्यक्रम हे याचे ठळक उदाहरण. त्यांत अमेरिकी उमेदवारांबरोबर भागीदार देशांतील उमेदवारांनाही जागा असते, पण अशा उमेदवाराचे काम बहुतांशी त्याच्याच देशातील भागीदार केंद्रावर चालते. आपल्याला जवळचे उदाहरण पुण्याचे, बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांचे संशोधन-सहकार्य अनेक वर्षांचे आहे. अशा केंद्रावर काम करणे मुळीच कमी प्रतीचे नाही, किंबहुना काहींना तेच अधिक उपयोगी पडेल. मात्र 'परदेशी जायचे' एवढाच हेतू धरून मी नागरिकत्वाची अट वाचलीच नाही आणि तीन महिने वाया घालवले. नागरिकत्व, शिक्षणाचा टप्पा आणि कामाचे ठिकाण या तीन ओळी सर्वांत आधी वाचाव्यात.

आणखी एक गैरसमज असा, की राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा ब्रिटनची चेव्हनिंग यांतून अशी फेलोशिप करता येते. पहिली अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशात पदव्युत्तर वा पीएचडीच्या शिक्षणासाठी आहे आणि दुसरी एक वर्षाच्या पदव्युत्तर पदवीसाठी असून तिला कामाचा अनुभव लागतो. दोन्ही उत्तम आहेत, पण त्यांची वाट निराळी आहे.

२. कॉलेजच्या वेळापत्रकात जागा शोधा

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांनुसार परीक्षेला बसण्यासाठी तासांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती लागते. त्यामुळे सत्राच्या मध्ये दोन-तीन महिने बाहेर राहणे व्यवहार्य नाही. चार-सहा आठवड्यांची संधी तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या भागानंतरच्या इलेक्टिव्हच्या काळात किंवा सुट्टीत बसवता येते का, हे विभागप्रमुखांना विचारून लेखी घ्यावे. तोंडी होकाराला उपस्थितीच्या तक्त्यात स्थान नसते. इंटर्नशिपमध्ये पंधरा दिवसांच्या पलीकडे गेलेली रजा पुढे भरून द्यावी लागते, म्हणून सहा महिने किंवा वर्षभराची फेलोशिप इंटर्नशिपनंतर घेणे सोयीचे.

शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्यांनी इथे थोडे थांबावे. महाराष्ट्रात एमबीबीएसनंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे आणि ती न केल्यास दहा लाख रुपये भरावे लागतात. फेलोशिप आधी की सेवा आधी, याचा निर्णय निवडीचे पत्र हातात आल्यावर करण्याचा नाही. अर्जापूर्वीच कॉलेजच्या कार्यालयात जाऊन आपले बंधपत्र वाचावे. नीट-पीजीची तयारीही याच वर्षात येते आणि घरचे त्याबद्दल विचारणारच. मी वडिलांना कागदावर दोन्ही वर्षांचा आराखडा काढून दाखवला, तेव्हा कुठे त्यांचा विरोध मावळला.

३. प्रश्न आपल्या जिल्ह्यातून उचला

या लेखातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. माझ्या पहिल्या अर्जात मी 'विकसनशील देशांतील संसर्गजन्य आजारांचे ओझे' अशा विषयावर दीड पान लिहिले होते. ते वाक्य जगातील कुठल्याही विद्यार्थ्याला लिहिता आले असते, आणि त्या वर्षी शेकडो जणांनी लिहिलेही असेल. दुसऱ्या वर्षी मी सुरुवात सुरगाण्याहून आलेल्या एका रुग्णाच्या प्रवासाने केली: भातशेतात संध्याकाळी दंश, आधी भगत, मग खासगी जीप, मग प्राथमिक आरोग्य केंद्र आणि शेवटी नाशिक, अशा टप्प्यांत गेलेले तास मी केसपेपरवरून मोजले होते. त्यावर माझा प्रश्न एवढाच होता, की सर्पविषावरील प्रतिविषाच्या पहिल्या मात्रेपर्यंतचा उशीर नेमका कोणत्या टप्प्यावर सर्वाधिक होतो.

असा प्रश्न निवड समितीला का पटतो? जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला, आणि भारताने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाले असावेत, असा अंदाज प्रसिद्ध झालेला आहे. म्हणजे सुरगाण्यातील एका केसपेपरचा धागा थेट जिनिव्हातील जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीपर्यंत जातो. अर्जात तो धागा दिसायला हवा. नुसती आकडेवारी टाकली तर तिचा वास पाठ्यपुस्तकाचा येतो, आणि नुसती गोष्ट सांगितली तर ती वर्तमानपत्रातली बातमी वाटते.

नाशिक जिल्ह्यात अशा प्रश्नांची वाण नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण या पट्ट्यात सिकलसेल आणि कुपोषण आहे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत फवारणी करणाऱ्या मजुरांच्या आरोग्याचा प्रश्न आहे. मालेगावात यंत्रमागाच्या धुळीत काम करणाऱ्यांचे श्वसनविकार आहेत, आणि तिथेच २०२२ मध्ये गोवराचा उद्रेकही झाला होता. शिवाय सिंहस्थ कुंभमेळा आहे. प्रचंड जनसमुदायाचे आरोग्य हा आता स्वतंत्र अभ्यासविषय मानला जातो, आणि २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविक दगावल्याचे आपल्या शहराला आठवते. जे इतरांना नकाशावर शोधावे लागेल ते तुम्ही ओपीडीत रोज पाहता, याचा अर्जात उपयोग करून घ्या.

कोणी म्हणेल, तालुक्यातल्या प्रश्नाला जगात कोण विचारतो? महाडला बसून विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि गडचिरोलीच्या गावांतील घरोघरच्या नवजात बालसेवेचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडणारे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची कामे मुलाखतीला जाण्यापूर्वी जरूर वाचावीत. माझ्या मुलाखतीत एका परीक्षकांनी गडचिरोलीबद्दल आपणहून विचारले, आणि उत्तर देताना माझ्या आवाजातली भीती निघून गेली.

प्रश्न ठरला की तो एका वाक्यात लिहून पाहा: कोणत्या लोकांत, कोणती गोष्ट, कशाशी ताडून, किती काळात. वाक्य दोन ओळींच्या पुढे गेले तर प्रश्न अजून तयार नाही.

४. मार्गदर्शक शोधा आणि त्यांना लिहा

काही कार्यक्रमांत मार्गदर्शक संस्थेकडून नेमला जातो, काहींत तो तुम्हालाच शोधावा लागतो. दुसऱ्या प्रकारात गेल्या पाच वर्षांत तुमच्या विषयावर लिहिणारे पाच-सात संशोधक निवडा आणि प्रत्येकाचे किमान दोन शोधनिबंध पूर्ण वाचा. लंडन व लिव्हरपूल येथील उष्णकटिबंधीय आजारांच्या जुन्या संस्थांची नावे सर्वांना ठाऊक असतात, त्यामुळे तिथे पत्रांचा ढीगही मोठा असतो. ज्यांनी भारतात किंवा शेजारच्या देशांत क्षेत्रीय काम केले आहे अशा मध्यम वयाच्या संशोधकांकडून उत्तर येण्याची शक्यता, माझ्या अनुभवाने, अधिक असते.

ईमेल दोनशे शब्दांत संपवावा. आपण कोण, त्यांच्या कोणत्या निबंधातील कोणती गोष्ट आपल्या प्रश्नाशी जुळते, कोणत्या फेलोशिपला केव्हा अर्ज करणार आहोत आणि त्यांच्याकडून नेमके काय हवे आहे, एवढे चार मुद्दे पुरतात. 'रिस्पेक्टेड सर/मॅडम' असा मायना एकाच वेळी पन्नास जणांना पाठवलेल्या पत्राची खूण मानला जातो. त्यांचे नाव आणि पद नीट लिहा. उत्तर न आल्यास दोन आठवड्यांनी एकदाच नम्र आठवण करावी. मी एकोणीस पत्रे लिहिली. चौघांनी उत्तर दिले, दोघांनी बोलण्याची वेळ दिली आणि एकीने होकार दिला. परदेशी मार्गदर्शकाबरोबरच आपल्या कॉलेजमधील एक स्थानिक मार्गदर्शकही आधीच ठरवा, शक्यतो जनवैद्यकशास्त्र विभागातला, कारण नीतिसमितीपुढे, म्हणजे रुग्णांवरील संशोधनाला मान्यता देणाऱ्या समितीपुढे, सही त्यांचीच लागणार आहे.

५. कागदपत्रे जमवा, आणि नावावर नजर ठेवा

साधारणपणे पुढील कागद लागतात:

– किमान अठरा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट (इतकी अट क्वचितच असते, पण तेवढी असली की मध्येच नूतनीकरणाची धावपळ टळते)
– दहावी-बारावीची प्रमाणपत्रे आणि एमबीबीएसच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका
– विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व वर्षांच्या गुणांचा अधिकृत एकत्रित उतारा. काही ठिकाणी ते विद्यापीठाच्या मोहोरबंद लिफाफ्यात मागतात
– बोनाफाइड किंवा इंटर्नशिप पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र आणि वैद्यकीय परिषदेची नोंदणी
– शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असल्याचे अधिष्ठात्यांचे पत्र
– आयईएलटीएस किंवा टोफेलचा निकाल, मागितला असल्यास
– एक ते दोन पानांचा बायोडेटा
– लसीकरणाची नोंद

आपले आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळलाच आहे, त्यामुळे ट्रान्सक्रिप्टच्या बाबतीत नाशिककर इतर जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांपेक्षा सुखी आहेत. तरीही अर्ज आणि शुल्क भरल्यानंतर काही आठवडे लागतील असे धरूनच चालावे आणि एकदम तीन-चार प्रती काढून ठेवाव्यात.

नावाचा गोंधळ हा महाराष्ट्रातल्या उमेदवारांचा खास सापळा आहे. आपल्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असते आणि दिलेल्या नावात कधी वडिलांचे नाव असते, कधी नसते. परदेशी अर्जात पहिले, मधले आणि शेवटचे असे तीन रकाने येतात आणि घाईत आडनाव पहिल्या रकान्यात जाते. माझ्या बरोबरीच्या एका मैत्रिणीच्या इंग्रजी परीक्षेच्या निकालावर आणि पासपोर्टवर नावाचा क्रम वेगळा निघाला आणि तो दुरुस्त होईपर्यंत अर्जाची मुदत टळली. उपाय साधा आहे: पासपोर्टवर जसे आहे तसेच, त्याच स्पेलिंगने, सर्वत्र लिहा. गुणपत्रिकेतील फरकासाठी कॉलेजकडून 'या दोन्ही व्यक्ती एकच आहेत' असे पत्र घ्या. नाव मुळातच बदललेले असेल तर राजपत्रातील नोंद जोडा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असल्यास तो आधी दुरुस्त करून घ्यावा, कारण पुढे व्हिसावर त्यातून विचित्र नोंदी होतात.

अपोस्टिलबद्दल, म्हणजे कागदपत्रे परदेशात ग्राह्य ठरवणाऱ्या शासकीय शिक्क्याबद्दल, एक सावधगिरी. भारत २००५ पासून अपोस्टिल कराराचा सदस्य आहे आणि काही देश नोंदणीसाठी तसे शिक्के मागतात. मात्र बहुतेक संशोधन फेलोशिपच्या अर्जाला ते लागत नाहीत. मागितल्याशिवाय त्यावर हजारो रुपये खर्च करू नयेत.

इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षे ग्राह्य असतो, आणि माध्यमाच्या पत्रावर अनेक संस्था परीक्षेची सूट देतात. म्हणून आधी पत्र पाठवून विचारावे आणि नंतरच परीक्षेचे शुल्क भरावे. सुरुवातीच्या त्या बँडच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

६. शिफारसपत्रे: "तूच लिहून आण, मी सही करतो"

हे वाक्य तुम्ही ऐकणार आहात. त्यामागे बहुधा आळस नसतो. सरांना ओपीडी, परीक्षा आणि तपासणी समित्या यांतून वेळ नसतो, आणि तुमच्यावर विश्वासही असतो. तरी ते मान्य करू नये. एकाच हातची तीन पत्रे वाचणाऱ्याला सहज ओळखू येतात, शिवाय अनेक संस्था पत्र थेट शिफारसकर्त्याच्या संस्थात्मक ईमेलवरून मागवतात. सरांचे खाते जीमेलवरच असेल, तर संस्थेचा पत्ता चालू करून घेण्याची आठवण दोन महिने आधी करा.

यातून मार्ग असा निघतो. सरांना एका पानाची टिपणे द्या: तुम्ही त्यांच्या हाताखाली केव्हा काम केले, कोणता प्रसंग त्यांना आठवेल, कोणत्या चुकीवरून तुम्ही काय शिकलात आणि फेलोशिपला कोणते गुण हवे आहेत. पत्र त्यांनीच लिहावे, टिपणांनी त्यांचा अर्धा तास वाचतो. मोठ्या पदावरच्या, पण तुम्हाला न ओळखणाऱ्या व्यक्तीपेक्षा ज्यांच्याबरोबर तुम्ही वॉर्डात रात्र काढली आहे अशा सहायक प्राध्यापकांचे पत्र अधिक वजनदार ठरते. माझ्या अर्जातील सर्वांत चांगले पत्र प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लिहिले होते, आणि त्यात माझ्या एका चुकीचा उल्लेखही होता.

मुदतीच्या सहा आठवडे आधी विनंती, दोन आठवडे आधी आठवण आणि निकालानंतर, तो काहीही लागो, स्वतः जाऊन भेट. ही शेवटची भेट बहुतेक जण विसरतात.

७. निवेदन, प्रस्ताव आणि अंदाजपत्रक

वैयक्तिक निवेदनात बालपणापासूनची डॉक्टर होण्याची इच्छा लिहू नका. तुमचा प्रश्न, त्यासाठी आजवर केलेले काम, या संस्थेत काय शिकायचे आहे आणि परतल्यावर ते कुठे वापरणार, या क्रमाने लिहावे. 'परतल्यावर' या भागात ठिकाणाचे नाव असू द्या. 'ग्रामीण भारताची सेवा' असे लिहिण्यापेक्षा कळवणच्या कोणत्या रुग्णालयात कोणती नोंदवही सुरू करू इच्छिता ते लिहिलेले बरे. मसुदा आधी मराठीत लिहिण्याचा मला फायदा झाला. विचार मोकळा आला आणि इंग्रजीत आणताना भरताड शब्द आपोआप गळाले. यंत्राकडून लिहवून घेतलेला मजकूर सर्वांचा सारखाच दिसतो, शिवाय त्याबाबत संस्थांचे नियम असतात ते वाचावेत.

प्रस्तावात नमुन्याचा आकार कसा काढला ते सांगा आणि तो आवाक्यातला ठेवा. दहा महिन्यांत पाच तालुके पालथे घालण्याचे वचन देणारा प्रस्ताव अनुभवी परीक्षकाला अननुभवाचा पुरावा वाटतो. अंदाजपत्रकात विमान, निवास आणि विमा सर्व जण लिहितात. क्षेत्रीय प्रवास, भाषांतर, संमतीपत्रांची छपाई आणि आशाताईंना द्यायचा मोबदला हे रकाने राहून जातात. परदेशी निधी साधारणपणे महिन्याअखेर मिळतो, म्हणून पहिल्या महिन्याच्या खर्चाची आणि घरभाड्याच्या अनामत रकमेची तजवीज इथूनच करावी लागते. अंदाजपत्रकात न दिसणारा हा सर्वांत जड खर्च आहे.

८. नीतिमान्यता दोन देशांत लागते

माहिती भारतातील रुग्णांची आणि संस्था परदेशातील असेल, तर दोन्हीकडच्या नीतिसमित्यांची मान्यता लागते. त्याशिवाय परदेशी सहकार्य किंवा निधी असलेल्या आरोग्य संशोधनाला आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जावे लागते आणि त्यात काही महिने जातात. रक्ताचे नमुने देशाबाहेर न्यायचे असतील तर वेगळा करार लागतो. म्हणून पहिल्याच फेलोशिपमध्ये नमुने बाहेर नेण्याचा घाट घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या केसपेपरमधील ओळख काढून टाकलेली माहिती वापरणारा अभ्यास तुलनेने सुटसुटीत असतो, पण मान्यता त्यालाही लागतेच.

माणसांवरील वैद्यकीय संशोधनाच्या नीतीचा हेलसिंकी जाहीरनामा (१९६४, शेवटची सुधारणा २०२४) आणि आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नीतितत्त्वे वाचून ठेवा. आदिवासी समाजातील संशोधनाविषयी त्यांत स्वतंत्र अपेक्षा आहेत: समाजाच्या प्रमुखांशी संवाद, सक्षम प्रशासकीय अधिकाऱ्यांची परवानगी आणि संशोधनाचा लाभ त्या समाजापर्यंत पोहोचणे. संमतीपत्र प्रमाण मराठीत लिहून भागत नाही. सुरगाण्यात कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या आजीला माझे पहिले संमतीपत्र वाचून दाखवले, तेव्हा 'सहभागी' हा शब्दच तिला कळला नाही. आशाताईने तो "तुझी गोष्ट आम्ही लिहून घेऊ का?" असा सांगितला आणि पुढचे सगळे संमतीपत्र आम्ही त्याच वाक्याभोवती पुन्हा लिहिले.

९. अर्ज सादर करणे आणि मुलाखत

मुदतीची वेळ त्या देशाच्या घड्याळाची असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. तिथले घड्याळ वर्षातून दोनदा सरकते आणि आपले सरकत नाही, त्यामुळे मार्च आणि नोव्हेंबरमधील मुलाखतीची वेळ दोनदा पडताळून पाहा. अर्ज किमान तीन दिवस आधी पाठवावा. वीज गेली तर मोबाइलचा हॉटस्पॉट आणि चार्ज केलेला लॅपटॉप हाताशी असू द्या.

मुलाखतीत "माहिती मिळाली नाही तर काय कराल?" हा प्रश्न जवळपास निश्चित असतो. त्याचे उत्तर प्रस्ताव लिहितानाच तयार ठेवा. येत नसेल ते येत नाही म्हणून सांगावे. आपल्याकडच्या तोंडी परीक्षेतली काहीतरी बोलत राहण्याची सवय तिथे अंगाशी येते.

१०. निवड झाल्यावर: व्हिसा आणि निघण्याची तयारी

अमेरिकेसाठी बहुधा जे-१ हा देवाणघेवाण कार्यक्रमांचा व्हिसा असतो: यजमान संस्था डीएस-२०१९ हा फॉर्म पाठवते, तुम्ही सेव्हिस या नोंदणी यंत्रणेचे शुल्क भरता, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरता आणि मग मुलाखत देता. फेलोशिपचा पैसा सरकारी असेल तर कार्यक्रमानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू होऊ शकते, म्हणून पुढे तिथेच रेसिडेन्सी (पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षण) करायची असलेल्यांनी डीएस-२०१९ वरची नोंद सही करण्यापूर्वी वाचावी. युरोपातील शेंगेन (सामायिक व्हिसाच्या) देशांत नव्वद दिवसांपेक्षा अधिक राहायचे असल्यास पर्यटकाचा व्हिसा चालत नाही, त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो. अल्प मुदतीच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक राहणार असाल तर क्षयरोगाची तपासणी त्यांच्या मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते, आपल्या कॉलेजचा एक्स-रे चालत नाही.

व्हिसाच्या कामासाठी बहुतेक वेळा मुंबई गाठावी लागते. सकाळी नऊची वेळ मिळाली असेल तर पंचवटी एक्स्प्रेसवर विसंबू नका. ती नाशिकरोडहून सातच्या सुमारास निघते आणि मुंबईला पोहोचेपर्यंत साडेदहा होऊन जातात. आदल्या रात्री जाऊन नातेवाइकांकडे मुक्काम करावा, आणि कसाऱ्याच्या घाटातील पावसाळ्याचा भरवसा धरू नये.

क्षेत्रीय काम आफ्रिकेतील पीतज्वरग्रस्त देशात असेल, तर शासनमान्य केंद्रावर लस घ्या. प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि आता ते आयुष्यभर चालते. जाताना कोणी विचारणार नाही कदाचित, पण परत येताना ते प्रमाणपत्राचे पिवळे पुस्तक जवळ नसेल तर भारतातल्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. माझ्याबरोबरच्या एका फेलोने ते सामानाच्या मोठ्या बॅगेत टाकले होते आणि ती बॅग दुसऱ्या विमानाने आली. पुस्तक पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा.